हमुतलचा नवस

सून सहा वर्षांत एकदाही रडली नाही. म्हणूनच अताराला ती कधी खरी वाटली नाही.

मूल होत नाही म्हणून बायका रडतात, देवाला बोल लावतात, नवऱ्याशी भांडतात. हमुतल जात्यावर बसायची, जव दळायची, विहिरीवर जायची. ती यार्देन नदीपलीकडली, गिलादच्या धनगरांतली. तिकडच्या बायका पोटातलं ओठावर येऊ देत नाहीत, असं एफ्राइमच्या डोंगरातल्या या गावात सगळेच म्हणत. वर दर वर्षी मेंढ्यांची लोकर कातरली की घरातली थोडी लोकर नाहीशी व्हायची. ती लोकर गुपचूप सुनेच्या माहेरी जाते, अशी अताराची खात्री होती. पकडलं मात्र कधी नव्हतं.

शेवटी अतारानेच मुलासाठी, याखीनसाठी, दुसरी बायको आणली. जबुदा. सोळा वर्षांची, खळखळून हसणारी. त्या दिवशी हमुतलने भाकरी भाजल्या, पाहुण्यांना वाढलं, सवतीचे पाय धुतले. अतारा दाराआडून बघत राहिली. तोंडावर काहीतरी दिसेल म्हणून. काही दिसलं नाही.

आणि आज जबुदा बाळंतपणासाठी मांडलेल्या दोन विटांवर बसली होती. पहाटेपासून. ऊन डोक्यावर आलं तरी मूल सरकत नव्हतं. सुईण शलोमीत आत होती. जबुदाचं ओरडणं आता बारीक झालं होतं, आणि तेच वाईट होतं.

हमुतल अंगणात भट्टीशेजारी बसली होती. पुढ्यातल्या भाकरीला तिने हात लावला नव्हता.

"खा," अतारा म्हणाली.

"नको, आई."

"पाणी तरी?"

"तिची सुटका होईपर्यंत नको. मी तसं बोललेय."

"कोणाशी?"

"परमेश्वराशी."

"आणखी काय बोललीस?"

"घरधन्याने विचारलं तर सांगेन."

सवत आत मरणाच्या दारात, आणि ही बाहेर उपाशी बसून देवाशी बोलते. उपास काही फुकट करत नाही कोणी. ही काहीतरी मागतेय. काय मागत असेल, ते सांगायला नको.

ती तडक शेतावर गेली. याखीन कापणीत होता. त्याला विळ्यासकट घरी आणलं. बायकोचा नवस नवऱ्याच्या हातात असतो. तो कानावर पडल्यावर त्याच दिवशी नवरा 'नाही' म्हणाला, तर मोडतो. सूर्य मावळेपर्यंत गप्प राहिला, तर पक्का होतो. मग कोणाच्या बापाला तो मोडता येत नाही.

"मोड म्हणते ना," अतारा म्हणाली.

याखीन हमुतलसमोर उभा राहिला. तिच्याकडे न बघता म्हणाला, "तू जे काही बोलली असशील, ते मी मोडलं."

शलोमीतने आतून डोकं बाहेर काढलं. तिचे हात कोपरापर्यंत तेलाचे होते. "शहाणाच आहेस. न ऐकलेला नवस मोडतो होय? आधी ऐक, मग मोड. आणि काय करायचं ते हळू करा, इथे माणूस मरतंय."

याखीनने विळा भिंतीला टेकवला. विचारायची त्याला भीती वाटत होती, हे अताराने ओळखलं. कुठलं उत्तर येईल, याची.

ती घरात शिरली. नुसत्या बोलण्यावर ही बाई थांबणार नाही, काहीतरी करून ठेवलंच असेल. जवाच्या रांजणात तिने खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी बोचकं लागलं. घट्ट बांधलेलं, हाताला खडे लागणारं. तिने ते अंगणात आणून टाकलं.

"बघ. करणी. तुझ्या जवात, तुझ्या घरात."

याखीनचा चेहरा उतरला. "काय बोललीस तू?" त्याने विचारलं.

हमुतल उभी राहिली. "जबुदा आणि मूल, दोघंही वाचू देत. मग मी माझ्यासाठी मूल मागणार नाही. पुन्हा कधीच."

पहिली सावरली ती अताराच.

"साक्षीला कोण होतं? आता काय, काहीही सांगशील."

"बोचकं सोडा, आई."

अताराने सोडलं. खडे मिठाचे होते, नवजात मुलाच्या अंगाला चोळायच्या मिठाचे. मिठाखाली मूल गुंडाळायच्या पट्ट्या होत्या, लोकरीच्या, बारीक विणीच्या. अताराने मोजल्या. सहा.

"दर वर्षी एक," हमुतल म्हणाली. "आत द्या. तुम्ही नजर लागेल म्हणून बाळासाठी काहीच केलं नाहीये. मूल आलं तर गुंडाळणार कशात?"

अताराने एक पट्टी हातात घेतली. लोकर तिने ओळखली. आपल्याच घरची होती.

ती बोचकं घेऊन आत गेली आणि दाराशी बसली. तिला बाहेर जायचं नव्हतं.

मूल आलं तेव्हा सूर्य पलीकडच्या डोंगराजवळ उतरला होता. मुलगा. आधी निळा, मग लाल. जबुदाने पाणी मागितलं आणि ते पोटात टिकलं. शलोमीत म्हणाली, "वाचली. कशी, ते मला विचारू नका."

अंगणात हमुतलने घोटभर पाणी घेतलं. याखीन तिच्याजवळ आला.

"सूर्य अजून आहे," तो म्हणाला. "मी मोडू शकतो. तुला दोष लागत नाही. रीतच आहे तशी."

"नका."

"सहा वर्षं, हमुतल."

"मी पदरचं घालून बोलले. परमेश्वराने ऐकलं. आता हातात पडल्यावर शब्द फिरवू?" तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुम्ही मोडाल. त्याच्यासमोर मला उभं राहायचं आहे."

याखीनने आईकडे पाहिलं. अडलं की तो नेहमी तिकडेच बघायचा. दुपारपासून मोड मोड म्हणणारी अतारा दारात उभी होती. तिने डोंगराकडे पाहिलं. बोटभर सूर्य उरला होता.

"गप्प बैस," ती म्हणाली.

तो गप्प बसला. सूर्य गेला. हमुतल आत गेली, तिने मुलाला मीठ चोळलं, आणि सहातली पहिली पट्टी गुंडाळली. गुंडाळताना ती रडत होती. अताराने पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आपण त्या वेळी बरोबर बोललो की नाही, हे अताराला कधीच ठरवता आलं नाही.

पीक घरात आल्यावर सगळे सणाला शिलोच्या देवस्थानी गेले. देवाच्या अंगणात बायका रडत होत्या, मागत होत्या. हमुतल सवतीचं मूल काखेत घेऊन बाहेर, खांबापाशी उभी राहिली. तिने आत पाऊल टाकलं नाही.

अतारा गुडघे धरत आत गेली. मूल मागणाऱ्या बायकांत ही म्हातारी कशी, म्हणून तिथला याजक संशयाने बघत होता. तिनेही त्याच्याकडे तसंच पाहिलं. मग पदर पसरला.

"मागणार नाही असं ती बोललीय," ती म्हणाली. "मी नाही बोलले. तिला दे. मी दर वर्षी येऊन बघणार आहे."