उलटं फिरणं

"गर्दनले इचार," असे म्हणून ते आपली दोन बोटे समोरच्या माणसाच्या मानेवर मागच्या बाजूने टेकवीत. मग तिकडे कान देत. जणू मान खरेच काही उत्तर देणार आणि त्यांना ते ऐकू येणार.

तळोद्याच्या बाजारात ते हमाल होते. आमच्याच गल्लीत राहत. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत असू. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील: अंगात बळ पुष्कळ, पण दार लावतानासुद्धा आवाज होऊ न देणारी. त्यांच्या तरुणपणी नर्मदेच्या परिक्रमेला निघालेला एक साधू पायाला जखम झाल्यामुळे पावसाळाभर गावच्या देवळात राहिला होता. त्याची सेवा करता करता आबा डोक्यावर उभे राहायला शिकले, आणि पुढे तसेच उलटे राहून कमरेतून उजवीकडे-डावीकडे वळायलाही. त्याला ते नुसते 'उलटं फिरनं' म्हणत.

बाजारात त्यांची थट्टा होई. "आबा, उलटा ऱ्हाय, गोनी पायवर ठेवतस," असे एक दुकानदार नेहमी म्हणे. आबा हसत. "ठेव. पन उतारशी तू."

सकाळी देवळाच्या ओट्यावर पाच-सहा जण शिकायला येत, बहुतेक हमालच. त्यांची पहिली चूक ठरलेली. डोक्यावर ओझे घ्यायचे तर मध्ये कापडाची चुंबळ हवी, हे अंगात मुरलेले. म्हणून डोक्यावर उभे राहतानाही ते खाली चुंबळच ठेवीत. सरळ उभे असेपर्यंत ठीक. वळायला गेले की चुंबळ फिरे आणि मान तिच्याबरोबर जाई. एकाची मान अशी आखडली, की आठ दिवस बाजूला पाहायचे तर तो बैलासारखा सगळाच वळे. तेव्हापासून आबांनी चुंबळ बंद केली. खाली घोंगडीची घडी, बोटे एकमेकांत गुंतवलेली, कोपरे खांद्यांएवढ्या अंतरावर, भार हातांवर. वळायचे ते बरगड्यांनी आणि कमरेने. नाक भिंतीसमोरून हलता कामा नये. उपाशीपोटी, आणि पोती वाहायच्या आधी. नंतर कधीही नाही.

शिवाय पळसाचे पान. ते आबा आधीच घोंगडीवर ठेवीत आणि माणूस वर स्थिर झाला की डोक्याखालून ओढून पाहत. सहज सरकले तर भार हातांवर आहे, फिरायला हरकत नाही. अडकले तर त्या दिवशी फिरणे नाही. हळूच खाली यायचे आणि कपाळ टेकून थोडे पडून राहायचे. कोणी हट्ट केला तर म्हणत, "चढनं कोनलेबी येस. उतरनं शिक."

पुढे बैलगाडीने नंदुरबार आणि तिथून सुरतेची गाडी, अशा वाटेने मी बडोद्याच्या कॉलेजात गेलो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळाही पुरी केली नव्हती. त्यामुळे सुट्टीत आलो की गल्लीतले सगळे कागद माझ्याकडे येत, आणि मला ते आवडे, हे कबूल केले पाहिजे. एका उन्हाळ्यात गावच्या शाळेला कसरत शिकवणारा माणूस हवा होता. आबा पन्नाशीकडे झुकले होते. पोती वाहून त्यांच्या डाव्या हाताला मुंग्या येत. आता डोक्यावर ओझे नको, असे वैद्याने सांगितले होते. ही नोकरी मिळाली तरच पोती सुटणार होती.

अर्ज मी लिहिला. कॉलेजातल्या एका पुस्तकात पाहिलेले 'पार्श्व शीर्षासन' हे नाव त्यात घातले, आणि पुढे 'कोणत्याही वेळी करून दाखवतील' असेही. अर्ज त्यांना वाचून दाखवताना हे शेवटचे मी गाळले. का गाळले, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

शाळेच्या कमिटीपुढे जायच्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "हातले मुंग्या येई ऱ्हायन्यात."

"आबा, एकदाच," मी म्हटले. "एकाच बाजूला. क्षणभर."

त्यांनी घोंगडीची घडी आणि पळसाचे एक पान उचलले.

शाळेच्या अंगणात तिघे खुर्च्यांवर बसले होते. त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी माझा अर्ज वाचला आणि नेमके तेच आसन मागितले. आबा वर गेले. सरळ, स्थिर. मी शेजारी गुडघ्यांवर बसून पान ओढले. ते निम्मे फाटून माझ्या हातात आले.

"सरकनं का?" त्यांनी खालून विचारले.

मी "सरकलं" म्हणालो.

क्षणभर ते तसेच राहिले. मग पाय दुमडून, अगदी सावकाश, खाली आले. वळले नाहीत. कपाळ टेकून नेहमीएवढेच पडून राहिले. समोर माणसे थांबली आहेत म्हणून घाई केली नाही. खुर्चीवरचा एक जण म्हणाला, अर्जात तर भलतेच लिहिले आहे. आबा उठून म्हणाले, "भाऊनी खरं लिखं शे. आज मीच फिरत नही."

नोकरी दुसऱ्याला मिळाली. घरी येताना मी माफीसाठी शब्द शोधत होतो. तेच म्हणाले, "कागदले गर्दन नही ऱ्हास, भाऊ." रागाने नव्हे, वाटेतला खड्डा दाखवावा तसे. पण 'सरकलं' हे खोटे होते, एवढे काही माझ्या तोंडून निघाले नाही.

पावसाळ्यापर्यंत त्यांनी पोती वाहिली. मग हात उचलेना, तेव्हा ते नवापूरकडे लेकीच्या गावी गेले. दिवाळीच्या सुट्टीत ते एकच वाक्य बोलायला मी तिकडे गेलो. उशीर झाला होता. श्रावणात तापाने आबा गेले होते.

लेकीने मला पाणी दिले, कसे येणे केले म्हणून विचारले. मी अडखळत सगळे सांगितले, फाटलेल्या पानासकट.

"बाबासले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "सांगेत, भाऊनी वढं तवय पान फाटनं, ते डोकाले समजनं." मग जराशाने म्हणाली, "तो भाऊ अजून शिकी ऱ्हायना का, असं इचारेत."

मी हो म्हणालो. जेवल्याशिवाय जायचे नाही, असे बजावून ती आत गेली आणि भाकऱ्या थापू लागली. मी दारात बसून राहिलो. आता कोणी काही विचारत नव्हते, तरी पान सरकले नव्हते, हे पुन्हा एकदा सांगावेसे वाटत होते.