बसस्टँडजवळची शेवभाजी

आम्ही जळगावला आलो तेव्हा मला शहराचं फारसं कौतुक नव्हतं. कौतुक होतं ते स्वतःच्या स्वयंपाकघराचं. नरडाण्याजवळच्या सासरी आठ वर्षं मी मोठ्या कुटुंबाच्या चुलीपुढे बसले, पण मीठ किती घालायचं हे कधी माझ्या हातात नव्हतं. नवऱ्याला इकडे काम लागलं, मेहरूणला दोन खोल्या मिळाल्या, आणि मी मनाशी ठरवलं की पहिलं जेवण आई-बापाला घालायचं.

आमच्या लोकांत लेकीला मूल होईपर्यंत आई-बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत. मला मूल नव्हतं. डॉक्टर झाले, नवस झाले, पुढे आम्ही दोघांनी तो विषय काढणंही सोडलं. पण ही रीत मात्र माझ्या पोटाकडे डोळे लावून बसली होती. मला वाटलं होतं, शहरात आल्यावर तरी ती जरा सैल होईल.

आबा आणि माय डोळे तपासायला जळगावला आले, तेव्हा मी पहाटेपासून पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. दोघं आले, बसले. मायनं पिशवीतून स्वतःच्या पाण्याची बाटली काढली आणि आबांनी फडक्यात बांधलेल्या भाकरी मांडीवर घेतल्या. मी ताटं वाढून समोर ठेवली. आबा नुसते हसले आणि वास छान येतोय म्हणाले. मी मुळातच तोंडाळ, त्यात पहाटेपासून उभी. माझं डोकं फिरलं. "जेवायचं नसेल तर माझ्या दारात येऊ नका," असं मी म्हणाले. बापाला म्हणाले. आबांनी फडकं न सोडता तसंच पिशवीत ठेवलं, टोपी नीट केली आणि दोघं बसस्टँडकडे गेले. त्यांना पोचवायलाही मी गेले नाही.

दोन महिन्यांनी आबा वारले. माझा बाप माझ्या दारातून उपाशी गेला, आणि त्याला मीच घालवलं, हे तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसलं. नवऱ्यालाही हे मी कधी सांगितलं नाही. तो त्या दिवशी कामावर होता.

मला भाऊ नाही. चार महिने माय गावात एकटी राहिली, मग मी जाऊन तिला घेऊन आले. ती आली, पण आपली शेगडी, आपला तवा आणि ज्वारीचं पोतं घेऊन. मागच्या ओट्यावर तिचा वेगळा संसार मांडला. माझ्या घरात राहायची आणि आपलीच भाकरी खायची. मग नळाचं पाणी कसं चालतं, असं मी एकदा कुजकटपणे विचारलं, तर म्हणाली की नळ महापालिकेचा आहे. त्यावर नवरा पोट धरून हसला. मला हसू आलं नाही. तिच्या शेगडीचा धूर रोज आत यायचा आणि मला वाटायचं, आबांच्या वतीनं ती माझ्यावर राग धरून आहे. विचारायचं धाडस मात्र होत नव्हतं.

आबांचं वर्ष सरलं. त्यानंतरच्या आठवड्यात माय सकाळी भांडी घासताना म्हणाली, "आज हाटेलमा जेवाले जाऊत."

या बाईनं जन्मात कधी हॉटेलची पायरी चढल्याचं मला माहीत नव्हतं. वर तिची एक अटही होती: पैसे तिनं द्यायचे, जावयानं खिशात हात घालायचा नाही. जावयाशी ती थेट बोलत नसे, म्हणून ही अट पदर डोक्यावर ओढून भिंतीला सांगितली. नवऱ्यानंही भिंतीलाच मान डोलावून होकार दिला.

संध्याकाळी आधी मेहरूणच्या तलावावर गेलो. माय आमच्याकडे आल्यापासून आम्ही तिघं असे मिळून कधी बाहेर पडलो नव्हतो. दिवे लागले होते. पाण्यावरून गार वारा येत होता. नवऱ्यानं भाजलेली कणसं घेतली. मायनं आपल्या कणसाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि मगच दाणे सोलले. माणसं तलावाच्या कडेनं भराभरा चालत होती, टोकाला जाऊन परत येत होती. एवढ्या घाईनं सगळे जातात कुठं, असं मायनं विचारलं. कुठं नाही, तब्येतीसाठी चालतात, मी सांगितलं. यांना एक दिवस आपल्या कापसात सोडा, तब्येत आपोआप होईल, असं ती म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसलो. मायला हसताना मी वर्षभरानं पाहत होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

तिथं जवळच दिव्यांच्या माळा लावलेलं, बाहेर खुर्च्या मांडलेलं एक चांगलं हॉटेल होतं. नवरा तिकडे वळला. माय नको म्हणाली. तिला बसस्टँडकडे जायचं होतं. रिक्षातून उतरल्यावर ती आमच्या पुढे चालू लागली आणि एका साध्या, काळपट भिंतींच्या हॉटेलात शिरली. भिंतीकडेच्या टेबलाशी कुणी जेवत होतं. बाकी काही टेबलं रिकामी असूनही ती तेच मोकळं व्हायची वाट बघत उभी राहिली. मी वैतागून तिला बस म्हणाले. ती बसली नाही.

टेबल रिकामं झालं तेव्हा तिनं मला भिंतीकडच्या खुर्चीवर बसवलं. शेवभाजी आणि भाकरी तिनंच मागवली, रोजचं गिऱ्हाईक असल्यासारखी. भाजी आली. लाल तर्री, वर शेव. मायनं भाकरी मोडली, अर्धी माझ्या ताटात ठेवली आणि मगच बोलली.

"त्या दिनले तुना आबा याच खुर्चीवर बठना व्हतात."

मी घास ताटात परत ठेवला. नवरा कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता. माय सांगत गेली. माझ्या घरून निघाल्यावर बसला तासभर वेळ होता. आबांना भूक लागली होती, पण फडक्यातली भाकरी त्यांनी सोडली नाही. ते इथं आले, शेवभाजी मागवली, दोघं पोटभर जेवले. जेवता जेवता आबांचा हात एकदम थांबला.

"त्या म्हनेत, हाई काय पोरनं घर नही. पोरले बी आठेच आनाले पाहिजे व्हतं. पुढला खेपले तिले आठेच लई येसूत."

म्हणजे हे काही लेकीचं घर नाही, इथं तिच्यासोबत जेवता येतं, पुढच्या खेपेला तिला इथंच घेऊन येऊ, असं आबा म्हणाले होते. त्यांना राग आला होता का, असं मी विचारलं. गेल्या वर्षभरात ओठांवर येऊन परत गेलेला तोच एक प्रश्न होता. माय म्हणाली की राग कसला, घरी पोचेपर्यंत ते पोळ्यांच्या वासाचंच बोलत होते. मग तू वर्षभर गप्प का राहिलीस, असं मी जवळजवळ ओरडून म्हणाले. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. तिनं शांतपणे सांगितलं की आबांनी जागा ठरवून दिली होती, आणि दुखवट्याचं वर्ष सरल्याशिवाय तिला बाहेर जेवता येत नव्हतं. घरात नुसतं सांगून ते पुरं झालं नसतं.

मी रडले. लोकांदेखत, तोंडाला पदर न लावता रडले. नवऱ्यानं पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. मायनं मला रडू दिलं, समजूत घालायला आली नाही.

मग तिनं भाजीची वाटी उचलून माझ्या हाताशी ठेवली आणि आपलं ताट पुढे केलं.

"आते तू वाढ."

मी वाढलं. भाजी वाढली, भाकरी वाढली, कांदा ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा मी वाढलेलं आई खात होती. ती खात राहिली, आणि ताटावर हात आडवा धरून पुरे म्हणाली नाही.