मुलीचा गुडघा आणि ताईचा फोन

चार दिवस मी मुलीचा डावा गुडघा कोमट तेलाने चोळला. पाचव्या दिवशी कळलं, दुखतो तो उजवा. मग बोलली काहून नाही, असं विचारलं तर म्हणाली, "बाबा, बरं वाटून राहिलं होतं."

बारा वर्षांची आहे. वर्षभरात अशी ताडासारखी वाढली की शाळेच्या सलवारी घोट्याच्या वर चढल्या. खो-खो खेळते. उकिडवं बसायचं, खो मिळाला की झेपावायचं. उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आलं होतं आणि जिना उतरताना तोंड वाकडं होत होतं.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. या वयात हाड भराभर वाढतं, मांडीचा स्नायू तेवढ्या वेगानं लांबत नाही. तो नडगीला जिथे ओढतो, तिथे दुखतं. वाढ पुरी झाली की शांत होतं. तोवर खेळून आल्यावर बर्फ, रोज मांडीला ताण देण्याचा व्यायाम. दोन आठवडे उड्या आणि उकिडवं बसणं बंद, मग हळूहळू खेळू द्या. मात्र गुडघा सुजला, ती लंगडायला लागली किंवा दुखण्यानं झोपेतून उठली, तर लगेच आणा. माझ्या तेलाचं ऐकून म्हणाल्या, "टेंगळावर चोळलं नाही, ते छान केलं." माझ्या मूर्खपणाची इतकी तारीफ आजवर कोणी केली नव्हती.

संध्याकाळी उमरेडहून ताईचा फोन. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचा आवाज आला की मी या वयातही शर्टाची बटणं चाचपतो. तिला गुडघ्याची बातमी लागली होती.

"पोरीची जात हाय गा. गुडघे गेले तर तिले बायको कोन करन? खो-खोच्या चमूतून नाव काढ."

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. डोळे माझ्यावर.

"नाही काढत, ताई," मी म्हणालो. आवाज चिरकला, पण निघाला. "तिचा गुडघा गेला नाही, वाढून राहिला. तुझ्या पोराचा क्रिकेटमध्ये हात मोडला, तेव्हा तू त्याले नवी बॅट घेऊन दिली होती. माझी पोरगी दोन आठवडे थांबन, मंग खेळन. अन् जो गुडघे पाहून लग्न करन, त्याच्या घरी मले पोरगी द्यायचीच नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मुलगी भिंतीला धरून मांडीचा व्यायाम करायला लागली. मी छाती काढून स्वयंपाकघरात गेलो.

बायको पोळी उलटत म्हणाली, "फोनवर बोललात, चांगलं झालं. येत्या रविवारी ताई स्वतः येऊन राहिल्या, दुपारीच मले कळवलं त्यांनी. तेव्हाही असंच बोलजा."