वितमोजी सांगणारीचं नाव

आईला अण्णासाहेबांनी अंगणात ओणवं व्हायला लावलं. भर दुपारी. चार पाहुण्यांसमोर.

"सांगून कळत नाही, गोजरा. चालून दाखव."

आईनं हातातलं ओलं फडकं ठेवलं. पदर कमरेला खोचला. फरशीवर तळहात टेकले, पाय ओढत हातांपाशी आणले, पाठीची कमान केली, मग हात पुढे टाकले. पुन्हा पाय ओढले. पाहुणे खो खो हसत होते. एक बाई तर हसून हसून डोळे पुसत होती. आई पण हसत होती. आपण मदत करतोय असंच तिला वाटत होतं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घर अण्णासाहेबांचं. रियासतीत ते दफ्तरदार होते. रियासत गेली, मध्यभारत झालं, आता तेही मोडून राजधानी भोपाळला जाणार होती. ग्वाल्हेरची मराठी हिंदीत बुडणार, म्हणून ते इथल्या मराठी घरांतले शब्द गोळा करत होते. एका शब्दाला एक चिठ्ठी. शब्द, अर्थ, कसा वापरतात, आणि शेवटी सांगणाऱ्याचं नाव. माझं अक्षर चांगलं, म्हणून चिठ्ठ्या मी उतरवायचे. आई त्याच घरी धुणंभांडी करायची. वडील फौजेत घोड्यांची निगा राखायचे. फौज विलीन झाली, घोडे गेले, तेव्हापासून ते कंपू भागातल्या आमच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असत. मला शाळेत मास्तरणीची जागा मिळावी म्हणून अण्णासाहेब शिफारसपत्र देणार होते. त्या एका पत्राकडे आमचं सगळं घर डोळे लावून बसलेलं.

वितमोजी हा शब्द आईचा. त्या सकाळी परसातल्या एरंडाच्या पानावर एक हिरवी अळी कमान करत चालली होती. आई सहज म्हणाली, वितमोजी निघाली बघा. अण्णासाहेबांनी कान टवकारले. बाजारात सगळे तिला हिंदीत इल्ली म्हणतात, शिकलेली मराठी माणसं नुसतं अळी म्हणतात. आईच्या आजीनं हा शब्द दख्खनेतून आणलेला. वितमोजी अंगावर चढली तर झटकायची नाही, हलायचं पण नाही. ती जेवढं अंग मोजेल तेवढं नवं कापड मिळतं म्हणे. लहानपणी मी हात लांब करून किती वेळ उभी राहायचे! कापड कधी आलं नाही, ते सोडा.

हे सगळं मी चिठ्ठीवर लिहिलं. शेवटी नावाची ओळ आली. आधीच्या चिठ्ठ्यांवर मीच नावं लिहिली होती. दाना ओली गल्लीतले रावसाहेब, सराफ्यातल्या माईसाहेब. तसंच लिहिलं, गोजराबाई.

अण्णासाहेबांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. म्हणाले, दुसरी चिठ्ठी घे, त्यावर नुसतं 'मोलकरणीकडून' लिही. मी विचारलं, नाव का नको?

"उद्या विद्वान लोक हे वाचणार. त्यांनी काय भांडीवालीचं नाव वाचायचं?"

तिचा शब्द चालतो. तिचं ओणवं होणं चालतं. नाव चालत नाही.

आई दारात उभी होती. तळहात अजून धुळीचे. डोळ्यांनी मला विनवत होती, लिही गं बाई, ऐक त्यांचं. मी लिहायला घेतलं पण. खोटं कशाला बोलू? पहिलं अक्षर काढलं आणि हात सरकेना.

"माझ्या आईचं नाव नको असेल, तर तिचा शब्द पण मिळणार नाही."

आवाज माझाच होता, पण मला ओळखू आला नाही. नाव असलेली चिठ्ठी मुठीत घेतली आणि चपला न घालताच निघाले.

पत्र मिळालं नाही. आईचं काम त्याच संध्याकाळी सुटलं. तिनं मला मारलं नाही. चूल पण पेटवली नाही.

"नावानं पोट भरतं का गं?" एवढंच म्हणाली.

वडिलांनी तर कूस पण बदलली नाही. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला दोनदा अण्णासाहेबांच्या फाटकापर्यंत गेले. दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेले नाही, एवढीच काय ती माझी बहादुरी.

मास्तरीण मी झाले नाही. आता मी पण लोकांची भांडी घासते. कुणाला वाटेल, या बाईनं काय मिळवलं? काही नाही. ती चिठ्ठी तेवढी आहे, ट्रंकेत.

फरशी पुसायला मी ओणवी होते, ते माझं काम आहे. तमाशा म्हणून होणार नाही. माझ्या मुलीला होऊ देणार नाही. आणि कुणाला आमच्या तोंडचा शब्द हवा असेल, तर आधी आमचं नाव लिहायचं. पूर्ण. माझ्यासमोर. तोवर माझं तोंड बंद.