तात्यांच्या कोठाराला खिडकी

भाड्याच्या घरांची तपासणी करणाऱ्याच्या फायली कधीच भरत नाहीत, पण किस्से मात्र साठत जातात. फायलीला निदान दोरी बांधून कपाटात कोंबता येतं. किस्से चहा समोर आला की आपले बाहेर!

लढाई संपली त्या वर्षी मी बी.ए. होऊन सांगलीत या नोकरीला लागलो. वर्षभरात गावातल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीत ऊन पोचवायचं, असा माझा बेत होता. आमचे वरिष्ठ अण्णा म्हणाले, "आधी एका खोलीत पोचवा. मग बघू!"

ती एक खोली निघाली तात्यांच्या कोठारात.

*

तात्या हळदीचे व्यापारी. जुन्या कोठारात आडव्या भिंती घालून त्यांनी दहा खोल्या केल्या आणि भाड्याने दिल्या. हळदीचा रंग उडू नये म्हणून कोठाराला खिडक्या ठेवल्याच नव्हत्या. माणसांचा रंग उडेल, हे काही तात्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीला नुसता टेकलो, तर सदरा पिवळा!

"बघा," तात्या खुशीत म्हणाले, "अंगाला हळद लागायला लोकांना लग्न करावं लागतं. माझ्या भाडेकरूंना नुसतं टेकलं की झालं!"

मी हसलो नाही. कारण चौथ्या खोलीत ज्ञानू हवालदार राहत होता. लढाईवरून परतून आठ-नऊ महिने झालेले. त्याच्या बायकोचं, पारूचं, पहिलं मूल त्याच खोलीत, चुलीच्या धुरात आठ दिवसांचं होऊन गेलं होतं. आता तिला पुन्हा सातवा महिना होता.

"साहेब," हवालदार म्हणाला, "आमी खंदकात ऱ्हायलो, पर त्याला बी वर आभाळ हुतं. पोर यायच्या आत एक झरोका तरी पाडून द्या."

मी त्याला शब्द दिला. शब्द द्यायला वेळ लागत नाही!

*

आमच्या ऑफिसात एक रीत होती. तपासणीच्या आदल्या दिवशी बापू शिपाई जाऊन घरमालकाला कळवून यायचा. मी चिडून अण्णांना म्हणालो, "चोराला सांगून धाड घालायची का?"

"कुणाच्या घरी अचानक जाऊ नये," अण्णा म्हणाले. "माणसं संकोचतात."

तात्या अजिबात संकोचले नाहीत. एका खोलीत चारच माणसं असावीत असा नियम. दुसऱ्या दिवशी गेलो, तर हवालदाराची खोली सोडून बाकी नऊ रिकाम्या! सगळी बिऱ्हाडं तात्यांनी पहाटेच धुणं घेऊन कृष्णेवर पाठवली होती.

"इथं कोण राहतं?"

"कोणी नाही. म्हणून तर मोकळं-मोकळं वाटतंय!"

मी एकेका चुलीवर हात धरून पाहिला. "मग या नऊ चुली गरम कशा?"

तात्यांनी उपरण्याने वारा घेतला. "उन्हाळाच कडक आहे हो यंदा!"

आणि हे खिडकी नसलेल्या कोठारात!

*

मी कडक नोटीस काढली : 'चौथ्या खोलीत खिडकी बसवावी.' आठवड्यात निरोप आला, बसवली. गेलो, तर काय! सागवानी चौकट, गज, झडपा, पितळी कडी. मी तिथल्या तिथे 'पूर्तता झाली' असं लिहिलं आणि खाली ऐटीत सही ठोकली.

बापूने सहज कडी काढून झडप उघडली. आत भिंत!

"मी रोज सकाळी उघडतो की," हवालदार म्हणाला. "भित बघतो आन् लावून टाकतो."

मी तात्यांवर तुटून पडलो. ते शांतपणे म्हणाले, "नोटिशीत 'खिडकी बसवावी' असं आहे. भिंत फोडावी असं कुठं लिहिलंय?"

अण्णांनी नोटीस दोनदा वाचली. "मुद्दा बरोबर आहे त्यांचा!"

*

असाच एकदा मी बापूला खोलीची मापं शिकवत होतो. जागा जवळची म्हणून माझीच भाड्याची खोली मोजायला घेतली. त्याने टेप लावली, बोटांवर हिशेब केला आणि गंभीरपणे विचारलं, "साहेब, नोटीस कुणाच्या नावानं काढू?"

माझ्या घरमालकीणबाई दारातच उभ्या होत्या. "काढा की! पण खोली रिकामी करा म्हणून आधी माझी नोटीस घ्या!"

तो धडा तेवढ्यावरच थांबला.

*

शेवटी पारूच्या आठव्या महिन्यात मी कोठाराला कुलूप ठोकण्याची नोटीस काढली, तेव्हा तात्यांनी गवंडी धाडला. मी जिंकल्याच्या थाटात बापूला घेऊन पोचलो.

तर भिंतीला पाठ लावून पारूची आई बसलेली! लेकीच्या बाळंतपणासाठी म्हसवडहून आली होती. जवळ बोचकं, मांडीवर कोयता.

"भिताडाला हात लावायचा न्हाई. बाळंतिनीला वारं लागंल!"

तात्यांचा चेहरा खुलला. "बघा! भाडेकरूच नको म्हणतात!"

मी सरसावलो. धूर, जंतू, प्राणवायू, सगळं समजावलं. आजीने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "व्हय रं लेकरा, तुजी किती बाळतपनं झाली?"

गवंडी पहार ठेवून बिडी ओढायला गेला. पारू कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून खोकत होती. हवालदार माझ्याकडे बघत होता.

तेवढ्यात बापू आजीपुढे उकिडवा बसला.

"आवं आजी, बाळंतिनीच्या दारात कोन बसनार?"

"मीच. कोयता घिऊन. पाच दिस चिटपाखरू आत सोडनार न्हाई."

"ब्येस. मग पाचवीला सटवाई पोराचं नशीब लिवायला यील, ती कुठनं आत शिरंल?"

आजीने दाराकडे पाहिलं. कोयत्याकडे पाहिलं. मग हळूच उठली आणि भिंतीपासून बाजूला झाली.

"गवंड्या! चल, घाल पहार. आन् वीतभर नगं, ऐसपैस पाड!"

दुपारपर्यंत भगदाड पडलं. चौथ्या खोलीत पहिल्यांदाच ऊन आलं. पारूने त्यात नुसता हात धरला आणि बोटं उलटीसुलटी करून बघत बसली.

तोवर बाहेर बाकी नऊ खोल्यांतल्या बाया जमल्या होत्या. त्यातली एक तात्यांवर कडाडली, "आमची समदी पोरं हितंच जल्मली. तरीच म्हटलं त्यांच्या कपाळावर काय लिवलेलंच दिसंना! आमच्या बी भिती फोडा!"

नऊ जणी एकदम बोलू लागल्या. तात्यांनी उपरणं सावरलं, गवंड्याचा दंड धरला आणि त्याला कोठारामागे नेलं. काम बंद पाडतात की काय म्हणून मी मागोमाग गेलो.

तात्या दबक्या आवाजात सांगत होते, "ह्या नऊ मागाहून कर. आधी माझ्या घरी चल. सूनबाईची खोली बघ. दिवस भरत आलेत."