आत्याचा पदर आणि संत्रागोळी

आमच्या घरात गोळी दातांनीच फोडायची, पण दात गोळीला लागता कामा नयेत, असा नियम होता. फ्रॉकच्या टोकात गोळी गुंडाळायची, वरून कडकन चावायची आणि तुकडा समोरच्याला द्यायचा. याला चिमणीच्या दातांनी तोडणं म्हणतात. असं केलं की गोळी उष्टी होत नाही. फ्रॉक थुंकीने भिजला तरी होत नाही. यावर कुणी शंका घेतलेली मला तेव्हा आवडत नसे, अजूनही आवडत नाही.

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. दर शनिवारी घरी येताना पुडीत चार संत्रागोळ्या आणायचे. फोडीच्या आकाराच्या, वरून साखर लावलेल्या, जीभ केशरी करणाऱ्या. एक आईची, एक आत्याची, एक भावाची, एक माझी. "मले काय करायचं आहे गोडाचं?" असं म्हणायचे आणि लगेच तळहात पुढे करायचे. मग आम्ही चौघं आपापल्या गोळीचा चिमणीच्या दातांनी तोडलेला तुकडा त्यावर ठेवायचो. भाऊ कंजूष, त्याचा तुकडा शोधावा लागे. माझा त्याहून जरासा मोठा, म्हणून मी उदार. चारही तुकडे एकदम तोंडात टाकून बाबा म्हणायचे, "भरली माझी गोळी!"

आत्या बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहायची. तिला बघायला एका रविवारी काटोलहून पाहुणे येणार होते. आधी दोन ठिकाणचे लोक पोहे खाऊन "कळवतो" म्हणून गेले होते आणि त्यांनी काहीच कळवलं नव्हतं. म्हणून या वेळी बाबांनी तिच्यासाठी दुकानातून मोतिया रंगाची साडी आणली. शनिवारी संध्याकाळी ती नेसून आत्या खोलीभर गिरक्या घेत होती, मी तिच्यामागे गिरक्या घेत होते, आणि तेवढ्यात बाबा पुडी घेऊन आले. मी गोळी उचलली. माझा फ्रॉक अंगावरच होता, नाही असं नाही. पण आत्याचा पदर अगदी तोंडासमोरून गेला.

कडकन आवाज झाला.

पदरावर केशरी डाग, आणि डागाच्या मधोमध माझ्या दोन दातांची भोकं.

"काय केलं वं पोरी हे!" आई ओरडली. आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. दुसरी चांगली साडी नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंडातली गोळी थुंकावी असंही वाटलं, पण थुंकली नाही, हे खरं सांगायला हवं.

साबणाने डाग फिका झाला, गेला नाही. सकाळी आईने पदराच्या निऱ्या अशा घातल्या की डाग आत लपला, वर पिन लावली आणि मला स्वयंपाकघरात बसवून ओठांवर बोट ठेवलं.

पाहुणे आले. आत्या पोह्यांची बशी द्यायला वाकली, पिन सुटली, आणि पदर घसरून डाग थेट नवऱ्या मुलाच्या नाकासमोर आला. त्याने डाग निरखून पाहिला.

"हे तं चिमणीच्या दातानं तोडलेलं दिसते," तो म्हणाला. "कोनं तोडलं?"

"मी!" स्वयंपाकघरातून मी. आईचा हात माझ्या तोंडापर्यंत पोचायला उशीर झाला.

तो इतका हसला की पोहे सांडले. "माह्या सदऱ्यालेही असेच भोकं राहत. घरी संत्र्याचे ढीग, पण आमाले गोळीच पाहिजे! आमी तिघं भाऊ अन् गोळी एक." मग आत्या हसली. बघायच्या कार्यक्रमात मुलीने हसू नये तशी, उचकी लागेपर्यंत. चहा यायच्या आत होकार आला. लग्न मी जमवलं, हे मी पुढे महिनाभर गल्लीत ज्याला त्याला सांगत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या शनिवारी बाबांनी सवयीने चार गोळ्या आणल्या. आम्ही तिघांनी तुकडे ठेवले. त्यांचा तळहात पुढेच राहिला.

"चौथी तुमीच खा ना अख्खी," आई म्हणाली. भावाने आणि मी एकदम हरकत घेतली. बाबांनी सगळं पुडीत बांधून खिशात टाकलं.

रविवारी सकाळी ते मला घेऊन काटोलच्या बसमध्ये बसले. "संत्र्याचा भाव पाहून येतो," म्हणाले. कापड विकणारा माणूस! आई हसत हसत आत गेली.

दार आत्यानेच उघडलं. "काहून आला गा दादा? सगळं बरं आहे ना?"

बाबांनी पुडी काढली. उन्हाने गोळी कागदाला चिकटली होती, शेजारी कालचे तीन तुकडे तसेच होते. आत्याने पुडीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग पदराचं टोक घेतलं, गोळी गुंडाळली, कडकन चावली आणि तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

बाबांनी चारही तुकडे एकदम तोंडात टाकले. मग म्हणाले, "भरली."