ब्रेकचा दांडा

झाडं तोडणाऱ्यांच्या करवतींना धार लावते म्हणून तिला सगळे धारवाली म्हणत. जिभेलाही तीच धार होती. नवीन गडी भलं मोठं मशीन घेऊन आला की ती विचारायची, "हे उचलणार कोण? करवत दंडाच्या ताकदीवर घ्यावी बाबा, मिशीच्या नाही." एअर फिल्टर भुशानं बुजलेला दिसला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

हे काम ती हौसेनं शिकली नव्हती. आधी ते नवऱ्याचं होतं, आणि एका ठेकेदाराकडे फांद्या तोडायला तो झाडावरही चढायचा. त्या ठेकेदारानं आपल्या सगळ्या करवतींचे ब्रेकचे पुढचे दांडे काढून टाकले होते. करवत उसळली की तो दांडा मनगटावर आपटतो आणि दातांची फिरती साखळी जागच्या जागी थांबते. पण दाट फांद्यांत तो अडकायचा, काम खोळंबायचं. एके दिवशी करवत उसळली आणि थेट नवऱ्याच्या खांद्यात शिरली. डावा हात कायमचा लुळा पडला. ठेकेदारानं चारचौघांत हात वर केले. "याला मशीन धरता येत नाही, त्याला मी काय करू?"

हात गेल्याचं दुःख तिनं गिळलं असतं. पण नवऱ्यानं ते बोलणं खरं मानलं, ते तिला गिळवेना. "माझंच चुकलं असेल गं," तो म्हणायचा, आणि ती दातओठ खात कानस चालवायची.

मग ठेकेदाराचे गडी एकेक करून सोडून गेले आणि स्वतः झाडावर चढायची पाळी त्याच्यावर आली. तेव्हा तो स्वतःची करवत घेऊन तिच्या दुकानात आला.

"वहिनी, धार लावा. आणि पुढचा दांडा बसवा जरा," तो हळूच म्हणाला. "ब्रेक नीट लागतोय ना, तेही बघा. उद्या मलाच चढायचंय."

तिनं करवत शिकंज्यात आवळली. साखळीच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दातानं किती लाकूड खायचं, ते तो ठरवतो. तो जास्त घासला की दात अधाशासारखा चावतो आणि करवत उसळते. बाहेरून कुणाला काही कळत नाही. तिनं कानस पहिल्या उंचवट्यावर टेकवली. दांडाही बसवू, पण सैल.

तेवढ्यात दुकानातच बसलेल्या नवऱ्यानं उजव्या हातानं ठेकेदारापुढे स्टूल सरकवलं. "बसा साहेब. तेव्हा माझ्यामुळे तुमचं फार नुकसान झालं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस झाडावरून पडून मेला, तरी तिचा नवरा त्याच्या मयताला जाऊन माफी मागेल! तिनं कानस खाली ठेवली.

"दांडा कशाला हवा तुम्हाला? आडवा येतो ना?"

"तसं नव्हे वहिनी. त्याच्याशिवाय जिवाला धोका असतो."

"मला नका सांगू, यांना सांगा. आणि जोरात. करवतीच्या आवाजानं कान गेलेत यांचे. यांच्या मशीनचा दांडा कुणी काढला, तेही सांगा."

धारेसाठी थांबलेले तिघे गडी जवळ सरकले. ठेकेदाराचा चेहरा पडला.

"नाहीतर करवत उचला आणि चढा तशीच. माझी ना नाही."

ठेकेदारानं करवतीकडे पाहिलं, मग स्वतःच्या खांद्याकडे. नवऱ्याच्या कानाशी वाकून तो ओरडला, "दांडा मी काढला होता! तुझी चूक नव्हती!"

समोरच्या दुकानातली माणसं दारात आली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं ओशाळं हसू हळूहळू विरलं. त्यानं उजवा हात कानामागे धरला.

"काय म्हणालात? परत सांगा."

ठेकेदार परत ओरडला, आणखी मोठ्यानं.

"परत एकदा."

नवऱ्याचे डोळे भरून वाहत होते. त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं, हे तिनं ओळखलं. या ओरडाओरडीत तिचा दांडा घट्ट बसवून झाला होता, ब्रेक चोख लागत होता, तरी ती खाली मान घालून एकेक दात सावकाश पुसत राहिली.